एक तोळ्याची गोळी

जुलैच्या सुरुवातीस कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील मर्यादित शिकार परवान्यांच्या सोडतीचा निकाल लागला आणि सलग चौथ्या वर्षी अर्ज केल्यानंतर स्कीना विभागातील एका डोंगररांगेत एक माउंटन गोट मारण्याची परवानगी माझ्या नावावर निघाली, तेव्हा माझ्या कुलूपबंद कपाटात एकच रायफल होती आणि ती या कामाची नव्हती. हंगाम सप्टेंबरमध्ये होता. मधल्या नऊ-दहा आठवड्यांत काडतूस कोणते आणि त्यात गोळी कोणती, हे ठरवताना माझे बरेच समज मोडले; ती हकीकत येथे लिहितो आहे.

आधी थोडे स्वतःविषयी सांगणे भाग आहे, कारण मराठी वाचकाला शिकारीचे हे वर्णन खटकू शकते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर जन्मलेल्या माझ्या पिढीने भारतात शिकार पाहिलेलीच नाही. सिंधुदुर्गात माझ्या थोरल्या काकांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची एक ठासणीची बंदूक होती. भातशेतीत रानडुकरे उतरली की तिचा बार निघत असे, आणि बंदुकीविषयीचे माझे सारे ज्ञान तेवढ्यावर संपत होते. कॅनडात स्थायिक झाल्यावर येथील सहकारी वर्षभराचे मांस जंगलातून आणतात हे पाहिले, बंदूक बाळगण्याचा परवाना आणि शिकाऱ्यांसाठीची कोअर ही परीक्षा अशा दोन्ही पायऱ्या चाळिशीनंतर चढलो आणि काही वर्षे हरणांच्या मागे फिरलो. माउंटन गोट मात्र त्याहून फार वेगळे प्रकरण आहे.

या प्राण्याला बकरा म्हणतात खरे, पण शास्त्रीयदृष्ट्या तो आपल्या शेळ्यांच्या कॅप्रा प्रजातीत मोडत नाही. जगातील निम्म्याहून अधिक माउंटन गोट एकट्या ब्रिटिश कोलंबियात आहेत आणि ते राहतात अशा कड्यांवर, जेथे अस्वल किंवा लांडगा सहसा पोहोचू शकत नाही. पूर्ण वाढलेला नर शंभर किलोच्या आसपास भरतो. जाड कातडी, तिच्यावर लांब केसांचा थर, भक्कम खांदे आणि जीव सोडण्यास विलक्षण नाखूष असा त्याचा लौकिक आहे. गोळी छातीतून आरपार गेली तरी तो वीस-तीस पावले सहज चालतो, आणि ती पावले तो बहुधा कड्याच्या दिशेने टाकतो, कारण आयुष्यभर प्रत्येक संकटात कड्यानेच त्याला वाचवलेले असते. सपाट जंगलात हरीण शंभर पावले पळून पडले तर आपण रक्ताच्या खुणा पाहत जातो आणि ते सापडते. येथे शंभर पावलांचा अर्थ तीनशे फूट खोल घळ असा होऊ शकतो. मग शिंगे फुटतात, मांसाचा चेंदामेंदा होतो, आणि कधी सावज डोळ्यांसमोर दिसत असूनही दोर आणि गिर्यारोहक असल्याशिवाय तेथवर जाताच येत नाही. म्हणून येथील जुने शिकारी बोकड मेला का असे विचारत नाहीत, तो कुठे पडला असे विचारतात. काडतूस आणि गोळी यांची सारी चर्चा मला या प्रश्नापासून सुरू करायला हवी होती. मी ती वेगापासून सुरू केली.

माझी जुनी रायफल ६.५ क्रीडमूरची होती. हे काडतूस २००७ साली मुख्यतः लांब पल्ल्याच्या नेमबाजीसाठी बाजारात आले. त्याचा धक्का सौम्य असतो आणि नेम सुरेख बसतो. आदल्या वर्षी त्याच रायफलीने मी एक म्यूल हरीण मारले होते. वापरलेली १४३ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचे माप) गोळी लक्ष्यावर फारच अचूक होती, परंतु दीडशे यार्डांवरून ती खांद्याच्या हाडावर आदळली आणि तिचे तुकडे झाले. हरीण ऐंशी पावलांवर पडलेले मिळाले, म्हणून त्या वेळी मी फारसा विचार केला नाही. कातडी सोलताना शिशाचे कण आणि तांब्याचे रिकामे आवरण हाती लागले, त्याची गंमत म्हणून छायाचित्रे मात्र काढली. जुलैत तीच छायाचित्रे पुन्हा पाहताना त्या ऐंशी पावलांचा हिशेब मी मनातल्या मनात कड्यावर मांडला.

आमच्या शेजारी एक निवृत्त वनकामगार राहतात. आमची मुलगी त्यांना आजोबाच म्हणते, म्हणून मीही येथे तेच म्हणतो. तरुणपणापासून या डोंगरांत त्यांनी अनेक बोकड मारले आहेत आणि काडतुसे ते घरीच भरतात. माझा पहिला विचार त्यांना सांगितला तेव्हा ते हसले नाहीत, ही त्यांची सभ्यता. विचार असा होता की प्राणी चिवट आहे, अंतर लांबचे आहे, तेव्हा ३०० विन्चेस्टर मॅग्नम घ्यावे. १९६३ पासून चालत आलेले हे काडतूस १८० ग्रेनची गोळी सेकंदाला सुमारे २,९५० फूट वेगाने फेकते. आजोबांनी कपाटातून आपली मॅग्नम काढून दिली आणि एका शनिवारी आम्ही नेमबाजीच्या मैदानावर गेलो.

पहिल्या पाच बारांनंतर माझा खांदा दुखू लागला, पण मी तसे बोललो नाही. सहाव्या वेळी आजोबांनी काडतूस माझ्या हाती न देता स्वतः भरले. मी नेम धरला, चाप ओढला आणि नुसता टक् असा आवाज झाला. त्यांनी प्रायमर (दारू पेटवणारी टोपी) नसलेली, दारू नसलेली नकली फेर आत सरकवली होती. गोळी सुटलीच नाही, तरीही नळीचे टोक चांगले दोन इंच खाली दबले आणि माझे डोळे मिटले, हे आम्ही दोघांनी पाहिले. धक्का येण्याआधीच शरीर त्याला घाबरून आवळून घेते आणि गोळी सुटण्याच्या क्षणीच नेम बिघडतो; ज्याला ही सवय लागते त्याला बहुधा ती कळतच नाही, कारण खरा बार होतो तेव्हा धक्क्याच्या गोंधळात सारे झाकून जाते. पुढील दहा फेरींत त्यांनी आणखी तीन नकली मिसळल्या. तिन्ही वेळा तेच झाले.

घरी येऊन आकडे मांडले तेव्हा लक्षात आले की जो वेग मॅग्नमच्या गोळीत तीनशे यार्डांवर उरतो, तोच थर्टी-ऑट-सिक्स या जुन्या काडतुसाच्या त्याच वजनाच्या गोळीत दीडशे यार्डांच्या जरा पुढे उरतो. म्हणजे त्या साऱ्या जादा दारूच्या आणि खांदेदुखीच्या मोबदल्यात मला सुमारे दीडशे यार्ड मिळत होते, आणि ते अशा अंतरापलीकडचे होते, जेथून मी तसाही बार काढणार नव्हतो. तीनशे यार्ड ही मर्यादा मी त्या रात्री वहीत लिहून ठेवली. डोंगर चढून आल्यावर, छाती धडधडत असताना आणि पिशवीवर रायफल टेकवून, मैदानावरच्या बाकाइतका नेम कोणाचाच बसत नाही.

यानंतर दोन जुनी काडतुसे उरली. २७० विन्चेस्टर हे १९२५ चे, १३० ग्रेनची गोळी तीन हजार फुटांहून अधिक वेगाने फेकणारे, डोंगरी शिकारीत नाव कमावलेले काडतूस आहे. आणि थर्टी-ऑट-सिक्स हे त्याहूनही जुने, १९०६ साली अमेरिकी सैन्याने स्वीकारलेले. खरे सांगायचे तर २७० ची पुंगळी थर्टी-ऑट-सिक्सच्याच घराण्यातल्या, तिच्याआधीच्या थर्टी-ऑट-थ्रीच्या पुंगळीपासून, तिचा गळा अरुंद करून बनली आहे. दोन्हींपैकी कोणतेही चालले असते. आमच्या लहान गावातील दुकानात मात्र थर्टी-ऑट-सिक्सची पाच-सहा प्रकारची काडतुसे मांडलेली होती आणि २७० ची एकाच प्रकारची. करोनाच्या काळात दारूगोळ्याचा तुटवडा पडला होता तेव्हा रिकामे खण मी पाहिलेले असल्याने हा मुद्दा मला किरकोळ वाटला नाही. त्याच दुकानात वापरलेली, दस्त्यावर ओरखडे असलेली, पण नळी स्वच्छ असलेली एक थर्टी-ऑट-सिक्स मिळाली. दुर्बिणीसह ती पावणेचार किलो भरली. माझी क्रीडमूर जाड नळीची, मैदानावरची रायफल होती आणि पाच किलोंच्या जवळ जात होती.

पत्नीने विचारले की नुसती गोळी बदलून जुन्याच रायफलीने काम भागले नसते का. भागले असते. ६.५ मध्ये हाडावर न फुटणारी, भक्कम बांधणीची गोळी वापरून पुष्कळ लोक बोकड मारतात आणि तो प्रश्न रास्त होता. मी वजनाचे कारण पुढे केले. ते खरे होते, पण संपूर्ण नव्हते. नवी रायफल घेण्याची हौस प्रत्येक शिकाऱ्यात असते आणि ती नेहमी कुठल्यातरी तांत्रिक कारणाचा अंगरखा घालून येते.

काडतुसाचा निर्णय असा झाला, आणि खरे काम त्यानंतर सुरू झाले, कारण काडतूस हे फक्त वाहन आहे; बोकडाच्या खांद्यात जे शिरते ती गोळी. तिच्याकडून मला दोन परस्परविरोधी गोष्टी हव्या होत्या. खांद्याचे हाड फोडून पलीकडच्या खांद्यापर्यंत जाण्याइतकी ती अभंग राहायला हवी होती आणि हाड चुकून नुसत्या फुप्फुसात गेली तर तेथेही उमलायला, म्हणजे टोक पसरून रुंद व्हायला हवी होती. साधी शिशाची गोळी उमलते, पण फुटते. सबंध तांब्याची गोळी फुटत नाही, पण वेग उतरल्यावर ती आळसावते आणि कमी उमलते. या दोहोंमधला एक जुना तोडगा जॉन नॉस्लर या अमेरिकी शिकाऱ्यांनी काढला, आणि त्याचा उगम आमच्याच प्रांतातला आहे हे कळल्यावर मला फार गंमत वाटली. १९४६ साली ते ब्रिटिश कोलंबियात मूस या अवाढव्य हरणाच्या शिकारीला आले होते. वाळलेल्या चिखलाचा लेप अंगावर असलेल्या एका नराला त्यांच्या गोळ्या आत शिरण्याऐवजी वरच फुटत राहिल्या. परत जाऊन त्यांनी जी गोळी घडवली तिच्यात शिशाचे दोन कप्पे असतात आणि मधे तांब्याच्या मिश्रधातूची आडवी भिंत असते. पुढचा कप्पा उमलतो, झिजतो, काही अंशी उडूनही जातो. भिंतीमागचा कप्पा शाबूत राहून पुढे घुसत जातो. पार्टिशन या नावाने ती १९४८ मध्ये विक्रीस आली आणि आजही मिळते.

मी १८० ग्रेनची पार्टिशन आणि १६८ ग्रेनची, प्लॅस्टिकच्या टोकाची सबंध तांब्याची गोळी, अशा दोन्हींच्या वीस-वीस काडतुसांच्या पेट्या आणल्या. ग्रेन हे माप मला तोवर परके वाटत असे. आजोबांच्या दारू मोजण्याच्या तराजूवर पार्टिशन ठेवली, काटा १८० वर स्थिरावला आणि मला एकदम आमच्या आजीच्या दागिन्यांचा हिशेब आठवला. १८३३ साली कंपनी सरकारने तोळा १८० ग्रेनांचा ठरवला होता. चांदीचा रुपया वजनाला एक तोळा, तोळ्याचे बारा मासे आणि माशाच्या आठ गुंजा. हल्ली सराफ दहा ग्रॅमलाच तोळा म्हणतात, पण आजीचा तोळा जुना होता. म्हणजे माझ्या तळहातावर बरोबर एक तोळा शिसे-तांबे होते. माझी जुनी १४३ ग्रेनची गोळी साडेनऊ माशांची ठरली. आजोबांना हे समजावून सांगायला अर्धा तास लागला, पण तेव्हापासून माझ्या डोक्यात सगळी वजने माशांतच बसली.

परीक्षा साधीच होती. गावाबाहेरच्या एका जुन्या खडीच्या खाणीत, जेथे नेमबाजीस मनाई नाही, आम्ही दुधाच्या चार लिटरच्या प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये पाणी भरून ते एकामागे एक ओळीने मांडले आणि शंभर यार्डांवरून बार काढले. क्रीडमूरची गोळी तिसऱ्या कॅनमध्ये थांबली. तिचे जे हाती लागले ते चार माशांहूनही कमी भरले. तांब्याची गोळी सहाव्या कॅनमध्ये चार पाकळ्यांच्या फुलासारखी उमललेली मिळाली आणि तिचे वजन जवळपास जेवढ्यास तेवढे होते. पार्टिशन पाचव्या कॅनच्या मागच्या भिंतीला चिकटलेली सापडली: पुढचा भाग छत्रीसारखा उलटलेला, मागचा भाग कोरा करकरीत, वजन १२१ ग्रेन, म्हणजे आठ माशांना किंचित अधिक. पाणी म्हणजे हाड नव्हे, याची आजोबांनी मला दोनदा आठवण करून दिली. तरी तीन गोळ्यांमधला फरक डोळ्यांना दिसला, आणि छापील तक्त्यांत शोधून तो मला इतका पटला नसता.

कागदावरचा माझा कौल तांब्याकडे झुकत होता. घरात लहान मुलगी आहे आणि शिशाच्या गोळीचे बारीक कण जखमेच्या आसपासच्या मांसात उतरतात, हे मला ठाऊक होते. परंतु माझ्या थर्टी-ऑट-सिक्सच्या नळीला ती तांब्याची गोळी मानवली नाही. शंभर यार्डांवर तिचे तीन बार तीन इंचांत पसरत होते, तर पार्टिशनचे सव्वा इंचात बसत होते. नळी घासून-पुसून पुन्हा पाहिले, निकाल तोच. एका नळीला जे भावते ते दुसरीला भावतेच असे नाही आणि याचे कारण आधी सांगता येत नाही, मारून पाहावे लागते. मी पार्टिशन निवडली आणि जखमेभोवतीचे मांस वीतभर अंतरापर्यंत कापून टाकायचे असे ठरवले. दुकानात परत जाऊन पहिल्या पेटीवरचा घाणा क्रमांक, म्हणजे एकाच वेळी बनलेल्या काडतुसांचा क्रमांक, जुळवून आणखी दोन पेट्या आणल्या, कारण दारूचा घाणा बदलला की नेमही थोडा सरकू शकतो.

ऑगस्टभर सराव केला. रायफल दोनशे यार्डांवर शून्य केली, म्हणजे त्या अंतरावर जेथे नेम तेथेच गोळी लागेल अशी दुर्बीण जुळवली. तेव्हा गोळी शंभरावर सुमारे दोन इंच वर आणि तीनशेवर साधारण नऊ इंच खाली लागते. डोंगरात याच्या जोडीला उताराचा हिशेब येतो. गुरुत्वाकर्षण गोळीला खेचते ते आडव्या अंतराच्या मानाने. पस्तीस अंशांच्या उतारावर चारशे यार्ड दिसणारे लक्ष्य गोळीच्या दृष्टीने ३२८ यार्डांवर असते, आणि हे विसरलेला शिकारी सावजाच्या पाठीवरून बार काढतो. बोकडाच्या बाबतीत ही चूक दुप्पट सोपी आहे. त्याच्या खांद्यावरचा उंचवटा मणक्यांच्या लांब काट्यांचा आणि केसांचा बनलेला असतो. पाठीचा खरा कणा दिसतो त्यापेक्षा बराच खाली असतो. आजोबांनी एका पुठ्ठ्यावर बोकड काढून दिला, त्याचा पांढरा केसाळ आकार मोठा आणि आतली हाडे लाल शाईने लहान, आणि नेम त्या लाल आकारावर धरायचा, पांढऱ्यावर नाही, असे बजावले.

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मी आणि माझा एक सहकारी वर चढलो. पहिल्या दोन दिवसांत दिसलेले कळप मादी-पिलांचे होते. पिलू बरोबर असलेल्या शेळीला हात लावायचा नसतो, आणि एकटी असली तरी शेळी टाळावी असाच येथील शिकाऱ्यांना आग्रह असतो, कारण त्यांची वीण फार सावकाश वाढते. नर ओळखायचा तो शिंगांच्या बुंध्याच्या जाडीवरून, त्यांच्या सलग बाकावरून आणि शिंगांमागच्या काळ्या ग्रंथींवरून. तिसऱ्या दिवशी सकाळी एक एकटा बोकड दिसला. कड्याच्या अरुंद पायरीवर तो निवांत बसला होता आणि अंतर होते २८० यार्ड, म्हणजे माझ्या मर्यादेत. त्याच्याखाली मात्र सरळ तुटलेला कडा होता. आम्ही साडेचार तास वाट पाहिली. दुपारी तो उठला, अंग झटकले आणि चरत चरत गवताच्या एका रुंद टप्प्यावर आला. अंतरमापकाने २३५ यार्ड आणि तीस अंशांचा उतार दाखवला. आडवे अंतर २०३, म्हणजे वर-खाली काहीही न धरता जेथे नेम तेथे गोळी.

पहिला बार जवळच्या खांद्यावर बसला आणि तो पुढच्या गुडघ्यांवर आला. हरीण असते तर मी रायफल खाली ठेवली असती. तो मात्र मागच्या पायांवर जोर देऊन कड्याकडे वळू लागला, तेव्हा सहकाऱ्याने सांगण्याची वाट न पाहता मी दुसरा बार काढला, आणि तो आडवा होऊन दहा-बारा फूट घरंगळत एका खुरट्या फरच्या झुडपाला अडकला. तेथून टप्प्याची कड आणखी वीस पावलांवर होती. सहकारी बराच वेळ दुर्बिणीतून पाहत राहिला आणि मग एवढेच म्हणाला, "थांबला."

पहिली गोळी आरपार गेली होती. दुसरी तिरकी शिरली आणि पलीकडच्या खांद्याचे हाड मोडून कातडीखाली अडकलेली मिळाली. चारी फऱ्या आणि पाठीचे मांस उतरवून, कातडी आणि डोके वेगळे बांधून खाली यायला आम्हाला दीड दिवस आणि दोन खेपा लागल्या. ब्रिटिश कोलंबियात ग्रिझली अस्वलांची शिकार २०१७ च्या डिसेंबरपासून बंद आहे आणि रात्रीच्या मुक्कामात मांसाचा वास त्यांच्यापर्यंत गेलाच असणार, म्हणून गाठोडी तंबूपासून दूर, मोकळ्यावर, लांबून दिसतील अशी ठेवली.

नियमाप्रमाणे शिंगे तपासणीसाठी नेली. तपासनिसांनी वळ्या मोजल्या, त्यात एक मिळवला आणि सात वर्षे असे वय नोंदवले. एका शिंगाच्या टोकाचा टवका उडालेला होता, तो घरंगळताना की आधीच्या कुठल्या झुंजीत, हे त्यांनाही सांगता आले नाही. संध्याकाळी आजोबांकडे जाऊन सापडलेली गोळी तराजूवर ठेवली. काटा ११४ वर थांबला. साडेसात मासे आणि वर जेमतेम एक गुंज. आजोबांनी पेटीतली उरलेली काडतुसे मोजली, पेटीवर घाणा क्रमांकाशेजारी पेन्सिलीने तारीख लिहिली आणि पेटी माझ्या हाती परत दिली.